वाचकांचे प्रश्न : डॅशबोर्ड हिरवा, डिस्पॅच लेट

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न कारखान्यात डेटाचं काम करणाऱ्यांचे आहेत, म्हणजे ज्यांचं टेबल वर ऑफिसात आणि ज्यांचा प्रत्येक आकडा खाली शॉप फ्लोअरवरून येतो अशा लोकांचे. मी स्वतः १९ वर्षं ऑटो पार्टच्या कामात काढली, पहिली सहा क्वालिटीत व्हर्निअर आणि गेज हातात घेऊन आणि पुढची तेरा ज्याला तेव्हा नुसतं एमआयएस (मॅनेजमेंटला आकडे पुरवायचं काम) म्हणायचे त्या खुर्चीवर, त्यामुळे ही पत्रं वाचताना पुष्कळ जुनं आठवलं. पहिल्या पत्राला उत्तर फार लांबलंय, पण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय म्हणून लांबू दिलं.

प्रश्न : ताई, मी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून चाकणला एका कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून लागलोय, दीड वर्ष झालं. चौदा मशीनचा ओईई (मशीनचा खरा उपयोग किती टक्के झाला ते माप) डॅशबोर्ड मी बनवलाय, रोज सकाळच्या मीटिंगला तोच स्क्रीनवर लागतो. गेले तीन महिने ओईई ८६-८७ दाखवतोय, सगळं हिरवं. पण डिस्पॅच रोज लेट होतंय, कस्टमरचे फोन चालू आहेत, आणि परवा प्लांट हेड सगळ्यांसमोर म्हणाले की मशीन एवढ्या छान चालतात तर माल जातो कुठे. प्रॉडक्शनवाले म्हणतात एसीत बसून तुला काय कळणार. मी फॉर्म्युला दहा वेळा चेक केला, बरोबर आहे. मग चुकतंय काय?

उत्तर : फॉर्म्युला बरोबरच असणार. ओईई म्हणजे शेवटी तीन आकड्यांचा गुणाकार, मशीन किती वेळ चालली, चालली तेव्हा किती वेगात चालली आणि निघालेल्यातले किती नग चांगले होते. जपानमध्ये टीपीएम (सगळ्यांनी मिळून मशीनची निगा राखायची पद्धत) उभं करणाऱ्या सेइची नाकाजिमांनी हे माप मांडलं आणि ८५ टक्के म्हणजे उत्तम असं जे कंपन्यांमधून भिंतीवर लावलेलं असतं तेही तिथलंच, ९०, ९५ आणि ९९ टक्क्यांचा गुणाकार केला की साधारण तेवढा येतो. पण गुणाकारात जाणारे आकडे कुठून येतात ते तू बघितलंयस का? आधी एक कर, मास्टरमधला, म्हणजे सिस्टिमच्या मूळ यादीतला, सायकल टाइम (एक नग काढायला लागणारा वेळ) कोणी टाकला आणि कधी टाकला ते शोध.

का ते सांगते. समज एका मशीनला पाळीत जेवण-चहा वजा जाता ४५० मिनिटं मिळाली, त्यात ४५ मिनिटं ती बंद होती, म्हणजे चालली ४०५. नग निघाले ५००, त्यात १५ रिजेक्ट. आता खरा सायकल टाइम ४० सेकंदांचा असेल तर ओईई येतो ७२ टक्क्यांच्या आसपास. आणि मास्टरमध्ये ४८ सेकंद पडलेले असतील तर त्याच पाळीचा, त्याच ५०० नगांचा ओईई येतो ८६! कागदावर करून बघ. एका सेलमध्ये आठ सेकंद जास्त आणि लाल मशीन हिरवी होते. हे कोणी मुद्दाम केलेलं असतं असं नाही, पार्ट नवीन असताना प्रोसेसवाल्याने जपून टाइम धरलेला असतो, मग टूल बदलतं, फीड वाढतो, ऑपरेटरचा हात बसतो आणि मास्टर मात्र तसाच राहतो. ओळखायची खूण म्हणजे परफॉर्मन्सचा कॉलम, तो १०० च्या वर जायला लागला की सायकल टाइम चुकलाय हे नक्की, पण बऱ्याच शीटमध्ये १०० च्या वरचं कापायला मिनचा फॉर्म्युला लावून ठेवलेला असतो आणि ती खूणच पुसली जाते. तू लावला असशील तर आजच काढ.

दुसरं डाउनटाइमचं. तुझ्या नोंदींमध्ये किती बंद १०, १५, ३० अशा गोल मिनिटांचे आहेत ते मोज, आणि पाच मिनिटांच्या आतले किती आहेत तेही. पाचच्या आतले जवळजवळ नसतीलच. चिप अडकली, सेन्सर पुसला, क्रेन यायची होती, असे दोन-दोन मिनिटांचे बंद कोणी लिहीत नाही आणि लिहिणार तरी कसा, ऑपरेटरचे हात कूलंटने भरलेले असतात, तो पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटं आठवून आठवून शीट भरतो, बाहेर बस उभी असते.

यातली माझी एक चूक सांगते, अजून मनातून गेलेली नाही. एका कंपनीत मी डाउनटाइमचा पॅरेटो (कारणं मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेला खांबांचा आलेख) काढला, सगळ्यात उंच खांब आला मटेरियल शॉर्टेजचा. भरल्या मीटिंगमध्ये दाखवला. स्टोअरचे जे इनचार्ज होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले, शांत माणूस, त्यांना तिथेच सगळ्यांच्या समोर बोलणी बसली. ते एवढंच म्हणाले की मॅडम, माझ्याकडून माल गेलाय, तुम्ही बघून घ्या. तीन आठवड्यांनी मी दुसऱ्याच कामाला लाइनवर उभी होते आणि समोर एका मुलाने टर्मिनलवर कारण निवडलं, म्हणजे निवडलं नाही, यादीत जे पहिलं होतं त्यावर बोट ठेवलं आणि पुढे गेला. चाळीस कारणांची यादी होती आणि पहिलं होतं मटेरियल शॉर्टेज. मी त्या इनचार्जांची माफी मागितली, मीटिंगमध्येच, कारण बोलणीही मीटिंगमध्येच बसली होती. तेव्हापासून कुठलाही पॅरेटो दाखवायच्या आधी नोंद कशी होते ते मी डोळ्यांनी बघून येते, एकदा पहिल्या पाळीत आणि एकदा तिसऱ्या पाळीत. तिसऱ्या पाळीत जाच, रात्री लिहिणारा माणूसही वेगळा असतो आणि लिहायची पद्धतही.

आणि तिसरं, मला वाटतं तुझं खरं दुखणं इथे असेल. ओईई चांगला ठेवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सेटअप बदलायचाच नाही. एकच पार्ट लावायचा आणि दोन दिवस चालवायचा. मशीन पळते, नग निघतात, टक्के हिरवे, आणि कस्टमरला जो दुसरा पार्ट हवाय तो लावलेलाच नसतो. तेव्हा डॅशबोर्डवर ओईईच्या शेजारी अजून एक कॉलम घे, पीपीसीने (उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या विभागाने) त्या दिवशी जे पार्ट मागितले होते त्यातले किती, ठरलेल्या संख्येने निघाले. जास्तीचे नग त्यात धरायचे नाहीत. ५०० मागितले आणि ९०० काढले तर ते ५००च. हा कॉलम लावलास की माल कुठे जातो त्याचं उत्तर बहुतेक मिळेल, तो डब्ल्यूआयपीच्या, म्हणजे अर्धवट राहिलेल्या मालाच्या, रॅकमध्ये बसलेला असेल.

आता खाली जायचं म्हणजे कसं, कारण हेही कोणी शिकवत नाही. सेफ्टी शूज घाल, लॅपटॉप वर ठेव, खिशात एक छोटी वही असू दे. सुपरवायझरला आधी विचारून जा, चोरून बघायला आलाय असं वाटता कामा नये. एका मशीनजवळ अख्खी पाळी उभा राहा आणि तुझ्या घड्याळाने तू बंद लिही, मग संध्याकाळी ऑपरेटरच्या शीटशी ताडून बघ, फरक दिसेल तो त्याच्याशीच बोल, त्याच्या साहेबाशी नको. ऑपरेटर दादांना विचार की या शीटमध्ये तुम्हाला सगळ्यात त्रास कशाचा होतो. ते सांगतील. त्यातली एक तरी गोष्ट आठवड्यात करून दे, चाळीस कारणांची आठ कर, अक्षर मोठं कर, कारणं मराठीत लिही, काहीही कर पण करून दे. त्यानंतर तुला एसीतला कोणी म्हणणार नाही.

आणि खरा आकडा ७२ निघाला तर तो थेट स्क्रीनवर लावू नकोस. आधी प्रॉडक्शन मॅनेजरला एकट्याला दाखव, मग तुम्ही दोघं मिळून प्लांट हेडकडे जा आणि सांगा की मशीन बिघडलेल्या नाहीत, माप दुरुस्त झालंय, इथून पुढची तुलना ७२ शी करायची. ज्यांचा आकडा १४ ने पडणार त्यांना तो सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळू नये, एवढं माझं ऐक.

प्रश्न : मॅडम, मी वाळूजला क्वालिटी डेटा बघते. रोज साधारण ५०० नग होतात, रिजेक्शन सरासरी २ टक्के. कधी १.६ होतं तेव्हा साहेब शाबासकी देतात, कधी २.८ होतं तेव्हा दुपारपर्यंत कारण लिहून द्यायला लागतं. मला खरंच रोज कारण सापडत नाही, मग काहीतरी लिहिते. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही, पण चूक तुमची नाही. ५०० नगांत सरासरी १० खराब निघत असतील तर काहीही न बिघडता एखाद्या दिवशी ७ निघतील आणि एखाद्या दिवशी १४, तो नुसता हेलकावा असतो. हेलकावा कुठे संपतो आणि बिघाड कुठे सुरू होतो हे ठरवण्यासाठीच वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करताना कंट्रोल चार्ट काढला होता, एका पानाच्या टिपणात. त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली आणि आपण अजून २.८ का झालं म्हणून विचारतोय. तुमच्या आकड्यांवर पी चार्ट (खराब नगांच्या टक्केवारीचा कंट्रोल चार्ट) लावला तर तीन सिग्माच्या, म्हणजे नेहमीच्या हेलकाव्याच्या, मर्यादा साधारण ०.१ ते ३.९ टक्के येतात, म्हणजे दिवसाला १ पासून १९ नगांपर्यंत प्रक्रिया जशी होती तशीच आहे असं धरायचं. २.८ म्हणजे १४ नग, त्याला वेगळं कारण नाहीच, तुम्हाला सापडत नाही कारण ते तिथे नाहीये. उलट सलग आठ दिवस २ च्या वर राहिलं तर प्रत्येक दिवस मर्यादेच्या आत असला तरी काहीतरी हललंय, तेव्हा शोधा.

साहेबांना चार्ट शिकवायला जाऊ नका, गेल्या ६० दिवसांचे ठिपके काढा, मर्यादेच्या दोन रेघा ओढा आणि ज्या दिवशी त्यांनी कारण मागितलं त्या ठिपक्यांना गोल करा. बघताक्षणी कळेल त्यांना. आणि काहीतरी लिहून देणं मात्र आजपासून बंद करा, कारण तुम्ही लिहिलेल्या त्या कारणावर खाली कुणीतरी मशीनचं सेटिंग बदलतं, आणि चांगल्या चाललेल्या मशीनचं सेटिंग रोज हलवत राहिलं की मग रिजेक्शन खरोखरच वाढतं.

प्रश्न : नमस्कार ताई, मी सातपूरला गेली १४ वर्षं सीएनसी ऑपरेटर आहे, आयटीआय झालेलं आहे, वय ३६. पाठीचा त्रास सुरू झालाय, नाईट झेपत नाही. कंपनीत डेटा एंट्रीवाल्यांना बघतो तर वाटतं हे मला जमेल. या वयात डेटा अ‍ॅनालिस्ट होता येईल का, की डिग्रीशिवाय कोणी विचारत नाही?

उत्तर : दादा, होता येईल, आणि तुमच्याकडे जे आहे ते मिळवायला त्या ऑफिसातल्या पोरांना वर्षं लागतात. ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) वाढत गेला म्हणजे इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजतोय हे तुम्हाला ग्राफ न काढता कळतं. बाहेरच्या कंपनीत डिग्री विचारतील हे खरं आहे, म्हणून पहिली उडी स्वतःच्या कंपनीतच मारा, तिथे तुम्हाला ओळखतात. क्लासला लाखभर रुपये भरू नका, त्या जाहिराती बघून माझा जीव तुटतो. सहा महिने रोज एक तास एक्सेल, त्यात पिव्होट टेबल, एक्सलुकअप आणि पॉवर क्वेरी, एवढं हातात आलं की मग एसक्यूएलची (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची) सुरुवात, डॅशबोर्ड बनवायचं पॉवर बीआय त्याच्यानंतर. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सवर शिकायला फुकट मिळतं, इंग्रजी जड गेलं तर दोनदा ऐका. सरावाला दुसरा कुठला डेटा शोधू नका, तुमच्याच मशीनवर कुठला इन्सर्ट किती नगांवर बदलला ते तीन महिने लिहा, शीट बनवा, आणि एक दिवस टूल रूमच्या साहेबांना दाखवा की या मेकचा इन्सर्ट एवढे नग जातो आणि त्या मेकचा एवढे, नगाला खर्च इतका पडतो. त्याच्यात पैसे वाचताना दिसले की डिग्री कुणी विचारणार नाही निदान त्या इमारतीत तरी. पगार सुरुवातीला नाईट अलाउन्स आणि ओटी गेल्यामुळे हातात कमी येईल, ते घरात आधी बोलून घ्या. आणि पाठीचं डॉक्टरला आता दाखवा, सहा महिन्यांनी नको.

प्रश्न : माझी मुलगी एमएस्सी स्टॅटिस्टिक्स झाली. पुण्यात आयटीत ऑफर आहे आणि इथे शिरोलीच्या एका फाउंड्रीत डेटा अ‍ॅनालिस्टची आहे, पगार थोडा कमी. तिला फाउंड्रीच हवी आहे, घरचे सगळे धूळ-धूर म्हणून विरोधात आहेत. तुमचं मत?

उत्तर : मत तिचं चालू द्या. काम ऑफिसात आहे, फ्लोअरवर रोज तासभर जाईल तेवढंच, आणि जायलाच हवं. मला विचाराल तर स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या मुलीसाठी फाउंड्रीसारखी दुसरी जागा नाही, वाळूतला ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते), ओतायचं तापमान, स्पेक्ट्रोचे (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचे) कार्बन-सिलिकॉनचे रीडिंग, सगळं सतत मोजलं जातं, आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) निघालं तर हीट नंबर (धातू वितळवायच्या खेपेचा नंबर) धरून मागे मागे जाता येतं. कॉलेजात रिग्रेशन शिकताना जे हवं असतं ते सगळं तिथे रोज तयार होतंय, आणि कोल्हापुरात अशा फाउंड्र्या कितीतरी आहेत. फक्त जॉइन व्हायच्या आधी एवढं बघायला सांगा की लेडीज टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत आहे का आणि संध्याकाळी उशीर झाला तर घरी सोडायला गाडी आहे का. पगारातला फरक नंतर भरून निघतो, या दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून लागतात.

प्रश्न : एक्सेल फाइल उघडायला चार मिनिटं लागतात, मशीनचा डेटा दर सेकंदाला येतो. काय करू?

उत्तर : एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात, त्याच्या पुढचं बसत नाही, आणि दर सेकंदाला एक ओळ म्हटलं तरी तुमचं शीट तेरा दिवसांत संपणार. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये तर ६५,५३६च होत्या, आणि इंग्लंडमध्ये २०२० च्या ऑक्टोबरमध्ये याच जुन्या फाइलच्या मर्यादेपायी कोविडच्या जवळजवळ १६,००० केसेस नोंदीतून सुटल्या होत्या, म्हणून ही गोष्ट हलकी घेऊ नका. आयटीला सांगून साधा डेटाबेस घ्या, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस फुकट आहेत, आणि एक्सेलमध्ये फक्त तासाची किंवा पाळीची बेरीज आणा. आणि जाता जाता, रात्री बारानंतरचं प्रॉडक्शन पुढच्या तारखेला पडत असेल तर टाइमस्टॅम्पमधून सात तास वजा करून मग तारीख काढा, म्हणजे सकाळी सात ते सात असा कंपनीचा दिवस धरला जाईल. पिंपरी-भोसरीकडच्या लोकांनी गुरुवारची सुट्टी सरासरीतून काढायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या मॅनेजमेंटला प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स हवंय, एआय लावून कॉम्प्रेसर बंद पडायच्या आधी कळलं पाहिजे म्हणतात. माझ्याकडे चार वर्षांचा डेटा आहे, पण त्यात ब्रेकडाउन फक्त ११. मॉडेल होईल का?

उत्तर : ११ वर नाही होणार, म्हणजे होईल पण त्याच्यावर विश्वास टाकू नका. जे मॉडेल रोज "आज बंद पडणार नाही" एवढंच म्हणेल तेही चार वर्षांच्या दिवसांत ९९ टक्के बरोबर येईल आणि त्या ११ दिवशी उपयोगाला येणार नाही. शिवाय ते ११ एका कारणाचे तरी आहेत का, बेअरिंगचे वेगळे आणि व्हॉल्व्हचे वेगळे केले की हातात दोन-चार उरतात. त्यापेक्षा व्हायब्रेशन आणि तापमान यांचा ट्रेंड लावा, मर्यादा ठरवा, आणि मेंटेनन्समध्ये जो जुना माणूस असेल त्याला विचारा की बंद पडायच्या आधी तुम्हाला काय जाणवतं, तो आवाजाचं काहीतरी सांगेल. तेच मोजायला लागा. दोन वर्षांनी मॉडेलचं बघू.

प्रश्न : कस्टमरला जाणाऱ्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये पीपीएम (दहा लाखांत किती नग खराब) कमी दाखवायला मला तोंडी सांगितलं गेलं. परत आलेले ३८ नग "ट्रान्सपोर्ट डॅमेज" मध्ये टाक म्हणाले, पण मी बघितलेत, ते डायमेंशनला आऊट आहेत. घरचं कर्ज आहे, नोकरी सोडता येत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नोकरी सोडा असं मी सांगणार नाही. पण ते ३८ तुमच्या हाताने हलवू नका. ज्यांनी तोंडी सांगितलं त्यांना साधी मेल करा, अगदी नम्र, की नगांच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये डायमेंशन आऊट लिहिलंय, कॅटेगरी बदलायची असेल तर क्वालिटीकडून सही झालेला सुधारित रिपोर्ट मिळावा, मी तो जोडून पाठवते. माझा अनुभव असा की अशी मेल गेली की दहातल्या आठ वेळा विषय तिथेच थांबतो, कारण सही करायला कोणी पुढे येत नाही. मूळ फाइल आहे तशीच कंपनीच्याच फोल्डरमध्ये तारखेसह ठेवा, घरी नेऊ नका, ते तुमच्याच अंगावर येईल. मेलनंतरही दबाव आला तर क्वालिटी हेडकडे जा आणि तक्रारीच्या भाषेत बोलू नका, रिस्कच्या भाषेत बोला, की कस्टमरकडे तेच नग मोजले जातात, आयएटीएफच्या (वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाच्या) ऑडिटला दोन रिपोर्ट समोरासमोर आले तर काय उत्तर द्यायचं. खरं तर ३८ नगांचं एट-डी (दोषाचं मूळ शोधून दुरुस्ती सांगणारा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) करून पाठवलं तर कस्टमर ओरडतो आणि विसरतो, खोटं सापडलं की विसरत नाही. आणि त्या नगांवर पुढे कुणाचा तरी ब्रेक किंवा स्टिअरिंग चालणार असेल तर मग कर्जाच्याही आधी तो विचार करा, पार्ट कुठला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून सांगतेय.

नाव-गाव कळवलंत पण छापलेलं नाही. मेलला काय उत्तर आलं ते मला जरूर लिहा, मी वाट बघतेय.